फाटकाशी उतरलेली टोपली

चर्चमागे उत्तरेच्या भिंतीला लागून एक लाकडी क्रूस आहे. त्यावर लिहिलंय, एवर्ट वेसेलिंग. माझी मुलं लहान असताना विचारायची, "आई, हा कोण?" गावातल्या जुन्या माणसांना विचारलं तरी तीही आधी मान हलवतात. वेसेलिंग? इथला नसेल. मग मी सांगते, अहो, आपला कीपनकेर्ल. की लगेच सगळ्यांचे चेहरे बदलतात.

आमच्याकडे नाव माणसाचं नसतं, घराचं असतं. ब्रिंकहूस हे घराचं नाव. त्या घरात जन्मलेला तो ब्रिंकहूस, आणि घरजावई होऊन आलेलाही उंबरा ओलांडल्यापासून ब्रिंकहूसच. त्याचं आधीचं नाव कुठं जातं ते कुणी विचारत नाही. घर, जमीन आणि नाव तिन्ही एकाच मुलाला मिळतात. बाकीच्यांनी भावाच्या गोठ्यात राबावं, नाहीतर चालू लागावं.

एवर्ट नदीपलीकडच्या वेसेलिंगांचा दुसरा मुलगा. तो चालू लागला. पाठीला वेताची उंच टोपली बांधली, हातात काठी घेतली, आणि आमच्या दलदलीच्या कडेला एका खोपट्यात येऊन राहिला. "वाटणीत काय मिळालं रे तुला?" असं कुणी डिवचलं की तो पाठ वळवून दाखवायचा. "हे काय घर! चारी बाजूंनी भिंती, वरनं दार. आणि कोंबड्या भाडं न देता राहतात."

त्या टोपलीला आम्ही कीपे म्हणतो आणि गड्याला, बाप्याला केर्ल. कीपनकेर्ल म्हणजे टोपलीवाला गडी. म्युन्स्टर शहरातले शिकलेले लोक शब्दाची फोड एवढीच सांगतात, आणि ती बरोबरच आहे. पण टोपली तर आमच्याकडे प्रत्येकाच्या घरात असते. बटाटे काढायला मीही पाठीला बांधलेली आहे, म्हणून मला कुणी त्या नावानं हाक मारत नाही. हा शब्द चिकटतो तो ज्याला हाक मारायला दुसरं काही नाही त्याला. घरवाल्याला घराचं नाव, आणि याला घर नाही म्हणून टोपलीचं. एवर्टला हे चांगलं कळत होतं. लोकांबरोबर तोही हसायचा. पण त्याची बायको खोकून खोकून गेली, पदरात एकुलती मुलगी, फीना, राहिली, आणि तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. फीनाला नाव असलेल्या घरात द्यायचं.

आमच्या मोठ्या घरांच्या दारावर ओकची जाड तुळई असते. घर बांधणाऱ्या नवराबायकोची नावं तिच्यावर कोरतात. त्या दारातून गवताची गाडी आत जाते, नवरी आत येते, मढं बाहेर जातं. एवर्ट कुठल्याही दारात उभा राहिला की आधी वर बघायचा. वाचता त्याला जेमतेम येत होतं, पण बायकांची नावं तो बोटानं हवेत गिरवायचा. माझ्या आईनं एकदा विचारलं, "काका, वर काय शोधता?" तो म्हणाला, "जागा."

कीपनकेर्लचं काम सगळ्यांना दिसतं ते एवढंच, की घराघरांतून अंडी, कोबीच्या पानांत गुंडाळलेलं लोणी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या घ्यायच्या, शहरात विकायच्या, येताना मीठ, सुया, तंबाखू, निळं छापील कापड आणायचं. पण घरं त्याची वाट बघायची ती निरोपांसाठी. एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंत मधे दलदल, झाडी, चिखल. कोण बाळंत झालं, कुणाची गाय मेली, कोण कुणाला मागणी घालतंय, हे सगळं टोपलीबरोबर यायचं. आणि त्याचा कायदा होता. निरोप दिला तसा पोचवायचा, त्यात भर नाही की घट नाही. चांगली बातमी असेल तर टोपली पाठीवर ठेवून फाटकातूनच ओरडून सांगायची. वाईट असेल तर फाटकाशी टोपली उतरवायची, आत यायचं, चुलीशी बसायचं, दिलेलं खायचं, आणि मग सांगायचं.

त्यामुळे कीपनकेर्ल वाटेवर दिसला की घरातल्या बाया त्याच्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे बघत. उजवा खांदा खाली आला की हात आपोआप एप्रनला पुसले जायचे. ज्यांचं कुणी दूर होतं त्या तर श्वास धरून उभ्या राहायच्या. लेकरू दूर असलं की फाटकाकडे बघायची खोड लागते, ती जन्मभर सुटत नाही. हे मी ऐकून सांगत नाही.

फीना मोठी झाली आणि ब्रिंकहूसकडे दूधदुभत्याच्या कामाला राहिली. हसरी होती, हाताची जलद होती, आणि बापासारखीच थोडी फटकळ. घरचा मुलगा क्लेमेन्स तिच्याभोवती घोटाळायला लागला. वाईट नव्हता तो. घोड्यांना हळू बोलायचा, कुत्र्याला लाथ मारायचा नाही. फक्त त्याचं प्रत्येक वाक्य आईचा चेहरा बघून पुरं व्हायचं. दोघांचं जमलंय हे गावाला कळलं होतं आणि एवर्टलाही. तो बोलला कुणाशी नाही, पण त्या वर्षी शहरातून येताना त्यानं निळ्या कापडाचा एक तुकडा आणला आणि तो कुणालाच विकला नाही.

मग ब्रिंकहूसवर वीज पडली. घर जळून बसलं, गुरं वाचली. घरची माणसं अंगणातल्या पाव भाजायच्या भट्टीघरात राहायला गेली आणि नवं घर बांधायचं ठरलं. नवं घर म्हणजे नवी तुळई. एवर्ट आमच्या आईला म्हणाला, "वीज वाईटच. पण क्लेमेन्सच्या शेजारी आता लाकूड कोरं असणार." एवढं बोलून तो स्वतःच घाबरला आणि त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली.

ब्रिंकहूसच्या मायनं त्याला बोलावून घेतलं ते त्याच महिन्यात. बाई भट्टीघराच्या दारात वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. पुढचं सगळं तिथं कपडे धुणाऱ्या बाईनं ऐकलं, म्हणून गावाला कळलं.

"बस एवर्ट. टोपली उतरव."

"वाईट सांगायचं असलं तर उतरवतात, मालकीणबाई. मी तर ऐकायला आलोय."

"मग राहू दे. पाठ तुझी." तिनं शेंगांवरची नजर वर केली नाही. "रुशहोफकडे जायचं. निरोप असा, की ब्रिंकहूस विचारतंय, तुमची थेक्ला आमच्या चुलीशी येईल का. एवढाच."

एवर्टनं पाठीवरची टोपली सावरली. मग म्हणाला, "क्लेमेन्सला माहितीय?"

"क्लेमेन्सला सांगू की. त्याचं त्याला माहीत असायची काय गरज?"

"त्या बाजूला दुसरा एक टोपलीवाला जातो. त्याला पाठवा ना."

"तो बहिरा आहे. पाठवलं थेक्लासाठी तर थेक्लाच्या आज्जीला घेऊन येईल." ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली नाही. "आणि मला तूच हवास. मी काय आंधळी आहे का रे? तुझ्या पोरीवर माझा राग नाही. तिच्या हातचं लोणी तर बाजारात नाव काढतं. पण लोण्यावर छप्पर उभं राहतं का? मला ओक हवेत. रुशहोफच्या रानात ते आहेत, तुझ्या टोपलीत नाहीत."

"म्हणून मीच जायचं?"

"म्हणूनच. बापानंच मागणी नेली म्हटल्यावर उद्या कुणी म्हणायला नको, ब्रिंकहूसनं गरिबाच्या पोरीला नादाला लावलं."

"आणि नाही नेली तर?"

बाईनं पहिल्यांदा वर बघितलं. "नाही नेलीस तर बघ बाबा. निरोप निवडून घेणारा कीपनकेर्ल म्हणजे चाळणीत दूध आणणारा. अंडी देईल का तुला कुणी?"

त्यानं काठी उचलली. "ब्रिंकहूस विचारतंय, तुमची थेक्ला आमच्या चुलीशी येईल का," तो म्हणाला. निरोप घेतला की म्हणून दाखवायचा असतो.

अंगणाच्या टोकाला, विहिरीवर फीना दुधाचे हंडे घासत होती.

"बाबा! आज तुमचा वार नाही. इकडं कुठं?"

"रुशहोफकडे."

"काय घेऊन?"

"निरोप."

"कुणाचा?"

"ज्याला द्यायचा त्यालाच सांगतात."

"अगं बाई, माझ्यापुढंही मोठेपणा!" ती हसत आली, ओले हात एप्रनला पुसले, आणि त्याच्या खांद्यावरचा पट्टा धरला. "पिळलाय बघा. असाच चालत होतात इतका वेळ? म्हणून दुखतो खांदा." तिनं पट्टा उलटून सरळ केला. "दुखत असेल तर सावकाश जा. रुशहोफ कुठं पळून चाललंय?"

तो सावकाशच गेला. वाटेत चक्कीवाल्यानं हाक मारली तरी थांबला नाही.

रुशहोफचं घर टेकाडावर आहे, वाट दुरून दिसते. कीपनकेर्ल येताना पाहून सगळं घर बाहेर आलं. बाई हातात डाव घेऊन, म्हातारा रुशहोफ चिलीम घेऊन, थेक्ला तिच्या भावामागे. मागणी म्हणजे चांगली बातमी. फाटकातूनच ओरडायचं असतं, "रुशहोफ हो, गोड निरोप!" मग आत बोलावतात. होकार असेल तर कुटूच्या पिठाचं डुकराच्या चरबीत तळलेलं गरम धिरडं ताटात येतं. नकार असेल तर कुणी तोंडानं नाही म्हणत नाही, समोर थंड ताक ठेवतात.

एवर्ट फाटकाशी उभा राहिला. ओरडायला त्यानं तोंड उघडलं. आणि त्याचा उजवा खांदा खाली आला. पट्टा घसरला, टोपली काठीला घासत खाली उतरली आणि फाटकाला टेकून उभी राहिली.

त्यानं हे मुद्दाम केलं का, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. आई म्हणायची, नाही. मुद्दाम करायचं असतं तर त्यानं शब्द बदलले असते, ते सोपं होतं. खांद्याला त्या बातमीचं वजन कळलं आणि तो वाकला, बस्स.

रुशहोफच्या बाईच्या हातातला डाव पडला. "कोण गेलं?"

"कुणी नाही," एवर्ट म्हणाला.

त्याला आत नेलं, चुलीशी बसवलं. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा दिला, तो त्यानं कसाबसा गिळला, आणि मग निरोप सांगितला, दिला तसा.

म्हाताऱ्यानं तोंडातली चिलीम काढली.

"मागणी?" म्हातारा रुशहोफ म्हणाला. "टोपली उतरवून मागणी?"

"हो."

"एवर्ट, आमच्या फाटकाशी तू टोपली उतरवलीस ती माझा भाऊ दलदलीत बुडाला तेव्हा. आज लग्नाचं विचारायला उतरवतोस? काय झालंय क्लेमेन्सला?"

"काही झालेलं नाही."

"खोकतो का?"

"नाही."

थेक्लाचा भाऊ म्हणाला, "अहो काका, वीज घरावर पडली की नवऱ्याच्या टाळक्यावर?" कुणी हसलं नाही, पण थेक्ला उठून आतल्या खोलीत गेली.

"निरोप दिला तसा आणलाय," एवर्ट म्हणाला.

"आणलास की. तू इमानी माणूस. म्हणूनच विचारतो, तुला काय ठाऊक आहे ते सांग ना."

एका वाक्याचं काम होतं. माझी पोरगी आहे त्या घरात, म्हणून खांदा पडला, दुसरं काही नाही. पण ते निरोपात नव्हतं. निरोपात भर घालायची नसते. आणि ते बोललं असतं तर फीनाचं नाव त्या चुलीपुढं उघडं पडलं असतं. तो मान खाली घालून बसला. जितका वेळ तो गप्प बसला तितकं त्या घरातल्या माणसांना क्लेमेन्सचं दुखणं मोठं होताना दिसलं असावं.

बाईनं त्याच्यापुढं ताक आणून ठेवलं.

त्यानं ते प्यायलं, टोपली चढवली आणि परत येऊन ब्रिंकहूसच्या मायला सांगितलं. ती फक्त म्हणाली, "ओक काय एकाच रानात असतात?" पण आठ-पंधरा दिवसांत रुशहोफच्या गुराख्यानं टोपली उतरवल्याची खरी हकीकत चक्कीवर सांगितली, आणि चक्कीवर सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं.

ते मधले दिवस फीनाच्या आशेचे होते. तिला तोवर कळलं होतं की मागणी गेली होती, कुणी नेली होती, आणि ती फिरली होती. क्लेमेन्स तिला गोठ्यात म्हणाला, "बघ, आता आई ऐकेल." तिनं विचारलं, "तू बोललास का आईशी?" तो म्हणाला, "बोलणारच आहे. सध्या ती चिडलेली आहे."

चिडलेली माय काय करते? तिनं क्लेमेन्सला रविवारचे कपडे चढवले आणि प्रार्थनेनंतर सरळ रुशहोफच्या अंगणात नेऊन उभा केला. "बघा, खोकतो का ते." रुशहोफच्या मुलानं अंगणात पडलेल्या ओकच्या ओंडक्याकडे बोट दाखवलं. आणि क्लेमेन्सनं, ज्याला आईशी दोन शब्द बोलता आले नव्हते, तो ओंडका एकट्यानं खांद्यावर घेतला आणि अंगणाला फेरी मारली. थेक्ला खिडकीतून बघत होती म्हणतात. ताटात धिरडं आलं. त्यानं दोन खाल्ली.

फीना त्याच दुपारी खोपट्यावर आली. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. आई सांगायची, पोरगी रडत नव्हती, तेच वाईट होतं.

"निरोप तुम्ही नेलात?"

"नेला."

"माझ्यासमोरून. पट्टा मी सरळ करून दिला."

"फीना, तो कायदा..."

"कायदा मला माहितीय, त्यातच वाढले मी. कायद्यानं नेलात ना, मग फाटकातून ओरडायचं होतं. मी म्हटलं असतं, माझा बाप कडक आहे. नाहीतर मालकिणीच्या तोंडावर सांगायचं होतं, नाही नेत, जा. उपाशी राहिलो असतो. बाबा, तुम्ही धड नेला पण नाहीत, धड टाकला पण नाहीत. आता ते म्हणतात मी शिकवलं तुम्हाला."

"कोण म्हणतं?"

"सगळे. आणि क्लेमेन्स ऐकून घेतो."

एवर्टनं पेटीतून निळं कापड काढलं आणि तिच्यापुढं धरलं. याहून चुकीची वेळ त्याला सापडली नसती. तिनं ते बघितलं, घडी तशीच बाकावर ठेवली आणि गेली.

संत मार्टिनच्या सणाला, हिवाळ्याच्या तोंडावर, आमच्याकडे गडीमाणसं चाकरीचं घर बदलतात. त्या सणाला फीनाला कुणी ठेवलं नाही. ती हॉलंडच्या सीमेजवळच्या गिरणीगावात सूत कातायला गेली. वसंतात ब्रिंकहूसची तुळई चढली. क्लेमेन्स ब्रिंकहूस आणि थेक्ला, जन्माची रुशहोफ, यांनी देवाच्या भरवशावर हे घर उभारलं. अक्षरांना लाल रंग भरलेला आहे, अजून दिसतो. थेक्ला चांगली बाई निघाली. तिनं कुणाचं वाईट केलं नाही.

एवर्टचे आधी निरोप गेले. त्याला कुणी वाईट बोललं नाही, फक्त निरोप बहिऱ्याबरोबर जायला लागले. "त्याची टोपली कधी उतरेल नेम नाही," लोक म्हणायचे. तो फाटकाशी आला आणि घाम पुसायला टोपली उतरवली तरी आता कुणी घाबरत नसे. उलट पोरं ओरडायची, "कीपनकेर्लकाका, आज कुणाचं लग्न?" तो हसल्यासारखं करायचा. मग अंडीही कमी झाली. आगगाडी आली, लोणी डेअरीच्या गाडीतून जायला लागलं. पण ते नंतर. आगगाडीनं मारलं असं म्हणणं सोयीचं आहे, इतर टोपलीवाल्यांना तिनंच मारलं. याचा धंदा रुशहोफच्या फाटकाशी संपला होता.

फीनाचा निरोप कधी आला नाही. तो विचारायचा. म्युन्स्टरच्या बाजारात सगळीकडचे टोपलीवाले जमत, त्यांना विचारायचा, "गिरणीगावाकडून कुणी आलंय का? फीना, माझी मुलगी." ते म्हणायचे, गिरणीत फीना पुष्कळ. माझ्या आईशी बोलताना तो एकदाच म्हणाला, "तिथं लग्न झालं असेल. गिरणीवाल्यांची घरं विटांची असतात, तुळई नसते. बरंय एका परीनं." आईनं त्याला बटाटे दिले.

शेवटचं मी स्वतः पाहिलं. मी तेव्हा लहान होते. आई आणि मी त्याच्या खोपट्यापलीकडे सरपणासाठी कापलेल्या दलदलीच्या मातीच्या विटा उन्हात रचत होतो. एवर्ट बाकावर झुडपाच्या काड्यांचा झाडू बांधत होता. पाठीला टोपली नसली की तो विचित्र दिसायचा, जणू कुणी अर्धा कापून नेलाय. दलदलीच्या वाटेनं एक तरुण टोपलीवाला येताना दिसला. आमच्या बाजूचा नव्हता.

एवर्ट उठून उभा राहिला. झाडू हातातच. आईनं काम थांबवलं. खोपट्याला फाटक नव्हतं, नुसते दोन दगड होते. पोरगा दगडांपाशी आला, थांबला. आणि त्याचा खांदा खाली आला.

"दमला असेल," एवर्ट म्हणाला. आईकडे न बघता.

"हो, दमला असेल काका," आई म्हणाली. "ऊन किती आहे."

टोपली भरलेली असली की एकट्यानं उतरवणं जड जातं. पोराला जमेना. एवर्ट पुढं झाला, त्यानं खालून हात लावला आणि दोघांनी मिळून ती दगडाला टेकवली.

त्यानं पोराला आत नेलं, बाकावर बसवलं. आम्ही दारात उभ्या राहिलो, आईचा हात माझ्या मानेवर होता, घट्ट. चूल पेटवायला एवर्टला फार वेळ लागला. मडक्यात ताकाशिवाय काही नव्हतं, तेच त्यानं दिलं. पोरानं ते संपवलं. त्याचं नाव टोनिस. वय असेल माझ्या थोरल्याचं आता आहे तेवढं.

"फीना वेसेलिंग," तो म्हणाला. "छातीत सूत बसलं होतं. गेली. पुरलंय तिकडंच, नीट पुरलंय, पाद्री आला होता."

एवर्टनं मान हलवली.

"मी आधी पण आलो होतो, काका." पोरगा आता रडकुंडीला आला होता. "बटाटे निघत होते तेव्हा. ती होती तेव्हा. दवाखान्यातल्या बाईनं नाव सांगितलं, बाप एवर्ट वेसेलिंग, या दलदलीपाशी. काय करतो ते फीनानं कुणाला सांगितलंच नव्हतं, गिरणीतल्या पोरी हसतात म्हणून. मी नदीपलीकडे वेसेलिंगकडे गेलो. ते म्हणाले, एक होता, केव्हाच गेला, आमच्या नावावर नाही. इकडं घराघरात विचारलं, वेसेलिंगांचं घर कुठलं. त्या नव्या तुळईच्या घरातही विचारलं. बाई चांगली होती, जेवू घातलं मला. म्हणाली, वेसेलिंग नावाचं घरच नाही इकडं. मी परत गेलो. या खेपेला चक्कीवाल्याला म्हटलं, घरांची नावं सगळी विचारून झाली, आता घर नसलेला असा कोण आहे ते सांगा. तो म्हणाला, घर नसलेला? अरे, तो कीपनकेर्ल."

माझ्या मानेवरचा आईचा हात सुटला. बटाट्यांच्या दिवसांत एक पोरगा आमच्याही दारात येऊन गेला होता, वेसेलिंग विचारत.

"पहिल्या खेपेचा निरोप काय होता?" एवर्टनं विचारलं.

"आता तो कशाला, काका..."

"निरोप आहे. दिला तसा सांग."

टोनिस उभा राहिला. "‘बाबांना म्हणावं, या. खांदा दुखत असेल तर सावकाश या.’"

"एवढाच?"

"एवढाच."

एवर्टनं तो पुन्हा म्हणून दाखवला, तोंडातल्या तोंडात, एकही शब्द न बदलता. मग म्हणाला, "तुला अंधाराआधी दलदल ओलांडायला हवी." बाहेर येऊन त्यानं टोपली उचलून पोराच्या पाठीवर चढवली. उजव्या खांद्यावरचा पट्टा पिळला होता. त्यानं तो उलटून सरळ केला.